राळेनं राखलेला उजेड

विमान उतरलं बघा. आता घटकाभर चिकलठाण्यात शांतता. या, ओट्यावर बसा.

भिंतीवरचं हे चित्र आपल्या वेरूळच्या डोंगराचं. जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार १७९१ साली मुंबईला आला, वेरूळला जाऊन त्यानं रेखाटनं केली. १७९५ साली तो वारला, रेखाटनं राहिली. त्यांवरून थॉमस डॅनियलनं १८०३ साली लंडनला चोवीस चित्रं छापून काढली. आपली ही नक्कल, पण मूळ छाप भिंगाखाली धरला ना, तर झाडीतल्या सावलीत बारीक बारीक पांढरे ठिपके दिसतात. ते कशाचे, सांगा बरं?

ही चित्रं तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली. पत्र्यावर रेघ ओढता येते. पण झाडाखालच्या अंधाराला रेघ कुठे असते? इथं मदतीला आली राळ.

पाइनच्या झाडात भुंगेरा शिरू लागला की झाड त्या भोकात चिकट रस सोडतं. त्यातलं टर्पेंटाइन उडून जातं, उरलेलं घट्ट होतं, जखम बुजते. कधी भुंगेराच आत अडकतो. टर्पेंटाइन वेगळं काढलं की मागे उरते ती राळ. आपल्या बाभळीचा डिंक पाण्यात विरघळतो; राळ विरघळत नाही. आम्लालाही दाद देत नाही!

मग काय, कारागिरानं राळेची पूड पत्र्यावर भुरभुरवली, पत्रा तापवला, कण जागच्या जागी चिकटले. पत्रा आम्लात बुडवला. कणांमधलं उघडं तांबं आम्लानं खाल्लं, कणांखालचं वाचलं. आधी थोडाच वेळ. मग आभाळाच्या जागेवर रोगण फासून पत्रा पुन्हा आम्लात, मग दूरचा डोंगर झाकून पुन्हा. सर्वांत जास्त वेळ आम्लात राहिली ती गर्द सावली. तिथले खड्डे खोल, म्हणून शाईही जास्त. आणि जिथं राळेचा कण होता, तिथं कोरा कागद. तेच ते ठिपके. झाडानं आपल्या जखमेसाठी केलेली वस्तू चित्रातल्या झाडांना उजेड देऊन गेली. मला तर हे फार सुंदर वाटतं.

या बघा दोन वाट्या. एकीत डिंक, दुसरीत काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेली राळ. दोन्हींत पाणी घाला, झाका. सकाळी उठल्यावर आधी इकडे या.