ऑपरेशनची तारीख पुढे गेली तर...

पासष्टीचे एक शेतकरी परवा दवाखान्यात आले. हर्नियाचे ऑपरेशन ठरले होते. आदल्या रात्रीपासून पोटात अन्न नाही, मुलगा कामावर रजा टाकून आलेला. दुपारी २ वाजता सिस्टर म्हणाल्या, "आजोबा, आज होणार नाही. जेवून घ्या." कारण कोणी सांगितले नाही. "डॉक्टर, माझ्यात काही वाईट निघालं का हो?" त्यांचा पहिला प्रश्न.

काहीही निघाले नव्हते. मी फोन करून विचारले. सकाळीच सिझेरियनच्या दोन तातडीच्या केसेस आल्या आणि भूलतज्ज्ञ एकच. कधी रक्ताची पिशवी नसते, कधी योजनेची मंजुरी आलेली नसते. ताप किंवा वाढलेली साखर यामुळे ऑपरेशन पुढे ढकलले तर ते रुग्णाच्या हिताचेच. ही कारणे मात्र रुग्णाच्या शरीरातली नव्हेत. अडलेल्या बाईला आधी घ्यायलाच हवे, त्याबद्दल तक्रार नाही. पण दोन वाक्ये समजावून सांगायला किती वेळ लागतो?

इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत अशा कारणाने ऐनवेळी ऑपरेशन रद्द झाले, तर २८ दिवसांच्या आतली नवी तारीख देण्याचे बंधन आहे. तिथेही ते दर वेळी पाळले जात नाही, हा भाग वेगळा. आपण निदान वॉर्ड सोडण्यापूर्वी विचारावे: कारण काय, नवी तारीख कोणती, त्या दिवशी यादीत नंबर वर लागेल का? उत्तरे केसपेपरवर लिहून घ्यावीत. रिपोर्टची फाईल जपावी. फार दिवस गेले तर काही तपासण्या पुन्हा कराव्या लागतात.

मधुमेहींनी विशेष जपावे. उपाशीपोटी ताटकळताना घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच सिस्टरना सांगावे. ऑपरेशनसाठी रक्त पातळ करणारी गोळी बंद केली असेल, तर ती पुन्हा केव्हा सुरू करायची हे विचारल्याशिवाय घरी जाऊ नये. ही गोळी विसरल्याने अर्धांगवायू झालेला एक रुग्ण मी पाहिला आहे.

आजोबांना मी एकच गोष्ट बजावली. गाठ आत जाईनाशी झाली, कडक होऊन दुखू लागली किंवा उलट्या सुरू झाल्या, तर तारखेची वाट पाहायची नाही. रात्र असली तरी रुग्णालय गाठायचे. आतडे अडकले की ते ऑपरेशन तातडीचे होते.

त्यांना पुढच्या सोमवारची तारीख मिळाली आहे. नंबर पहिला.