गुरनला कुणी विचारले का? बापाचे दुःख आणि एक वही

वेताळ आठवतो? आज पन्नाशीत असलेल्यांना नक्की आठवेल. १९६४ ते १९९० या काळात टाइम्स ऑफ इंडिया समूहाची इंद्रजाल कॉमिक्स निघत. मराठीतही ती मिळत. एस.टी. स्टँडवरच्या स्टॉलवर घेतलेली एक प्रत आमच्यासारख्या तालुक्याच्या गावी दहा हातांतून फिरे आणि शेवटी मुखपृष्ठाशिवाय परत येई. त्यात मुखवटा घातलेला वेताळ असे, त्याचा घोडा असे, त्याचा लांडगा असे. आणि मागे कुठेतरी गुरन असे. बांदर जमातीचा प्रमुख, वेताळाचा बालमित्र. गोष्ट कधी त्याची नसे.

वेताळाची मूळ कथा ली फॉक यांनी १९३६ मध्ये सुरू केली. समुद्री चाच्यांनी बाप मारला, मुलाने त्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतली आणि तेव्हापासून बापामागून मुलगा तोच मुखवटा चढवत आला. आपण वाचत होतो तो एकविसावा. जगाला मात्र वाटते की वेताळ एकच आहे आणि तो मरत नाही.

लहानपणी ही कल्पना थरारक वाटायची. आज डॉक्टर म्हणून तिच्याकडे पाहिले की वेगळेच दिसते. बाप मेला हे जगाला कळता कामा नये, म्हणून मुलाला रडायला सवड नाही. त्याने लगेच पोशाख चढवायचा आणि कामाला लागायचे. वीस पिढ्यांचे वीस बाप गेले आणि एकाचाही उघड दुखवटा झाला नाही. हे गुपित ज्याला ठाऊक असते तो गुरन. त्याला काय वाटले, हे कुणी विचारले नाही.

आता आपल्याकडे पाहा. घरात मृत्यू झाला की कर्त्या पुरुषाच्या खांद्यावर आधी लाकडे येतात, मग पाहुण्यांचा चहा, मग दहावा, तेरावा, मग उसनवारीचा हिशेब. तेराव्याला पाहुणे दुखवट्याचा टॉवेल-टोपी देतात आणि म्हणतात, "आता तूच धीर सोडलास तर कसं व्हायचं?" बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण त्या टोपीबरोबर मुखवटाही डोक्यावर येतो.

छातीत दुखते, कागद मात्र बरोबर

सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात असे बाप नेहमी येतात. पन्नाशीच्या आसपासचे वय. "साहेब, छाती भरून येती, झोपच लागंना, एक सलाईन लावा." ईसीजी काढला तर बरोबर. साखर थोडी वाढलेली, रक्तदाब वाढलेला. गोळ्या सुरू होत्या, पण दोन-तीन महिन्यांपासून बंद. का बंद केल्या, असे विचारले की उत्तर मिळत नाही. सोबत आलेला पुतण्या किंवा भाऊ हळूच सांगतो: पोरगा गेला. कधी लातूर-नांदेड रस्त्यावर गाडीवरून, कधी आजाराने, कधी स्वतःच्या हाताने. बाप त्यावर एक शब्द बोललेला नसतो.

दुःख शरीराला लागते, हे केवळ बोलण्यापुरते नाही. अमेरिकेत हृदयविकाराचा झटका आलेल्या सुमारे दोन हजार रुग्णांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या दिवसात झटक्याचा धोका नेहमीच्या तुलनेत सुमारे २१ पट असतो आणि पुढच्या दिवसांत तो हळूहळू उतरतो, असे त्यात आढळले. हा आकडा वाचून घाबरू नये. निरोगी माणसाचा मूळ धोका एका दिवसापुरता फार थोडा असतो, त्यामुळे तो एकवीस पट झाला तरी बहुतेकांना काही होत नाही. पण ज्याला आधीच रक्तदाब किंवा मधुमेह आहे, त्याच्या गोळ्या त्या आठवड्यात चुकणे महागात पडते. मौतीच्या घरी जाणाऱ्याने "गोळी घेतली का?" एवढे तरी विचारावे.

बहुतेक माणसे औषधाशिवाय, काळाच्या आणि माणसांच्या आधाराने दुःखातून वाट काढतात. दुःखाच्या ठरावीक पाच पायऱ्या असतात असे बरेच ऐकू येते. ती मांडणी एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांबद्दल केली होती. मागे राहिलेल्यांनी त्या क्रमाने चढाव्यात असे काही नाही. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये मांडलेले चित्र मला आपल्याकडच्या अनुभवाला जास्त जवळचे वाटते. माणूस दुःख आणि रोजचे काम यांच्यात हेलकावे खातो. सकाळी पेरणी करतो, दुपारी बांधावर बसून रडतो, संध्याकाळी परत म्हशीची धार काढतो. हे हेलकावे निरोगी आहेत. आपल्या बापांची अडचण अशी की त्यांना एकाच बाजूला राहायची सक्ती असते. बांधावर बसायला जागाच नसते.

जात्यावरची सीता

बायकांना ही जागा एकेकाळी होती. ती म्हणजे जाते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या गावोगावी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या ओव्याही त्यात आहेत. या ओव्यांमध्ये सीता वारंवार येते: वनवासातली, टाकलेली, रानात एकटी बाळंत होणारी. ओवी रचणाऱ्या बाईला स्वतःच्या सासरचे उघड बोलता येत नव्हते. सीतेबद्दल बोलायला कोण अडवणार? आपल्या शेजारच्या गंगाखेडची जनाबाई तर जात्यावर बसणाऱ्या प्रत्येकीची मैत्रीण झाली.

सगळ्यांच्या ओळखीचे पात्र घ्यायचे, मूळ कथेने जिथे पाहिले नाही तिथे उभे राहायचे आणि आपली गोष्ट त्याच्या तोंडी घालायची, या प्रकाराला आजची मुले फॅन फिक्शन म्हणतात. नाव नवे आहे, रीत जुनी आहे. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे २०१७ च्या चित्रपटात मोठा होऊन वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा द्यायला पुण्यात आला, तीही याच जातीची गोष्ट. आपल्या घरातला एखादा मुलगा मोबाइलवर कुणा सुपरहिरोच्या दुर्लक्षित मित्राची किंवा मेलेल्या बापाची कथा लिहीत बसला असेल, तर तो वेळ वाया घालवतो आहे असे लगेच समजू नका. त्यात त्याचे स्वतःचे काही असू शकते.

सुपरमॅनचेच पाहा. त्याचा एक जनक जेरी सीगल. १९३२ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात त्याच्या वडिलांच्या कपड्यांच्या दुकानात चोर शिरले आणि त्या प्रसंगातच वडील हृदयविकाराने गेले. जेरी तेव्हा सतरा वर्षांचा होता. पुढे १९३८ मध्ये जगापुढे आलेला त्याचा नायक असा होता, ज्याला गोळी लागत नाही. या दोन गोष्टींचा धागा अभ्यासकांनी नंतर जोडला. तो मानायचा की नाही हे वाचकाने ठरवावे.

आपल्याकडे साने गुरुजींनी आईच्या आठवणी नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिल्या. आई जाऊन तेव्हा पंधराहून अधिक वर्षे झाली होती. त्यांनी स्वतःचे पांडुरंग हे नाव न घेता श्याम नावाच्या मुलाला बोलते केले.

दुसऱ्याच्या नावाने लिहिल्याने काय होते?

दुःखद अनुभव कागदावर उतरवण्याचा पहिला गाजलेला प्रयोग जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये केला. विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे लिहायचे. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांच्या पुढच्या महिन्यांतल्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. त्यानंतर अशा प्रयोगांची रांगच लागली. २००६ मध्ये १४६ प्रयोग एकत्र तपासले गेले, तेव्हा फायदा आढळला, पण तो लहान होता. आणि मृत्यूच्या दुःखाबाबत तर २००२ मध्ये स्ट्रोब आणि सहकाऱ्यांना असे दिसले की जोडीदार गमावलेल्यांना नुसते भावना लिहायला लावल्याने सरसकट काही फायदा होत नाही.

मग वहीची शिफारस कशासाठी? कारण कसे लिहिले याने फरक पडतो. एथन क्रॉस आणि ओझलेम आयडुक यांनी २००५ पासून केलेल्या प्रयोगांत लोकांना आपलाच त्रासदायक प्रसंग दोन प्रकारे आठवायला सांगितले: एकदा आतून, पुन्हा त्यातच शिरून, एकदा थोडे लांब उभे राहून, जणू दुसऱ्या कुणाचा प्रसंग पाहतो आहोत असा. लांबून पाहणाऱ्यांची भावनिक होरपळ कमी झाली, त्यांचा रक्तदाबही कमी चढला. 'माझे असे का झाले' हा प्रश्न जखम उकरतो. 'त्याचे असे का झाले असेल' हा प्रश्न थोडी वाट दाखवतो. गुरन, सीता किंवा श्याम माणसाला हेच अंतर देतात.

दुसरे कारण नात्याचे. गेलेल्या माणसाला विसरणे म्हणजे बरे होणे, असा समज पूर्वी तज्ज्ञांमध्येही होता. १९९६ मध्ये डेनिस क्लास आणि सहकाऱ्यांनी, मुले गमावलेल्या आईबापांच्या अनुभवाचाही आधार घेत, तो खोडून काढला. नाते संपत नाही, त्याचे रूप बदलते. गोष्ट लिहिणारा बाप आपल्या मुलाशी पुन्हा बापासारखा वागू शकतो.

एक वही, पंधरा मिनिटे

करून पाहायचे असेल तर साध्या सूचना अशा.

मातीच्या आठवड्यात हे करू नये. तेव्हा माणसे हवीत, वही नको. दोन-तीन महिने जाऊ द्यावेत.

पात्र ओळखीचे आणि बाजूचे निवडावे. घटोत्कच पडला तेव्हा कर्णाची अमोघ शक्ती खर्ची पडली म्हणून कृष्णाला आनंद झाला. त्या रात्री भीम कुठे बसला होता? सकाळी तो रणात कसा उभा राहिला? किंवा चिंटूचे पप्पा घ्या. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही चित्रमालिका १९९१ पासून महाराष्ट्र वाचत आला. चिंटू झोपल्यावर पप्पा कशाची काळजी करत असतील?

रोज पंधरा मिनिटे, तीन-चार दिवस. शुद्धलेखन पाहू नये. कुणाला दाखवायची सक्ती नाही. लिहिता येत नसेल तर नातवाला गोष्ट सांगावी किंवा मोबाइलमध्ये बोलून ठेवावी. ओव्या रचणाऱ्या बायकांना तरी कुठे लिहिता येत होते? आणि लिहिताना फारच त्रास व्हायला लागला तर थांबावे. हा नियम स्वतः पेनबेकरांनीच घालून दिलेला आहे.

वही पुरत नाही तेव्हा

वही हे औषध नव्हे. जवळचे माणूस गमावलेल्या दर दहा प्रौढांपैकी साधारण एकाचे दुःख लांबते आणि गोठते, असे २०१७ मधल्या एका एकत्रित पाहणीत दिसले. सहा महिने उलटूनही रोज तीव्र ओढ लागते, काम सुचत नाही, आपल्यातलाच एक भाग मेला असे वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या आजार-वर्गीकरणात याला स्वतंत्र नाव आहे आणि त्यावर समुपदेशनाचे खास उपचार आहेत. दारू वाढली, जेवण तुटले, वजन उतरले, किंवा 'मीही त्याच्याकडे जातो' अशी भाषा सुरू झाली, तर सहा महिन्यांची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे आणि एकटे सोडू नये. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येते. छातीत दुखत असेल तर मात्र मनाचेच असेल असे घरी ठरवू नका. आधी ईसीजी.

आणि ज्यांच्या घरी काही झालेले नाही, त्यांच्यासाठी एक काम. आपल्या गल्लीत, भावकीत असा एक बाप असतोच, ज्याच्या घरी सगळे बाईला भेटून आले. त्याच्याशी पावसापाण्याचे बोलून झाले की त्याच्या मुलाचे नाव घ्या. "तो लहानपणी कसा होता हो?" एवढेच विचारा. आणि मग घाई न करता ऐकत बसा.