कोळशाच्या मुलखातील मुरमाड वाटा

मोटारींची वर्दळ नसलेला रस्ता म्हटला की, जिथवर मोटार अद्याप पोहोचलेलीच नाही असा एखादा दुर्गम मुलूख आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. बेल्जियमच्या ईशान्य कोपऱ्यातील लिम्बुर्ग हा प्रांत तसा मुळीच नाही. दाट वस्तीचा, कारखान्यांचा आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कोळशाच्या खाणींचा असा हा प्रांत. तरीही अरण्ये, झुडपी माळ आणि तळी यांमधून जाणाऱ्या त्याच्या वाटांवर आज देशोदेशीचे सायकलस्वार येतात आणि तासन् तास एकाही मोटारीचा आवाज न ऐकता हिंडतात. हे सुख त्यांना निसर्गाने दिलेले नाही. ते एका उद्ध्वस्त होऊ घातलेल्या प्रांताने विचारपूर्वक उभे केले आहे. आणि म्हणूनच त्याचा हिशेब मांडून पाहण्याजोगा आहे.

ज्या सायकलीवरून ही मंडळी हिंडतात तिला ‘ग्रॅव्हल बाइक’ म्हणतात. शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले हँडल, पण टायर ३५ ते ५० मिलिमीटर रुंद, आणि चढावर दमछाक होऊ नये असे हलके गिअर, असा तिचा घाट. आपण ज्याला मुरमाचा किंवा खडीचा कच्चा रस्ता म्हणतो, त्यावर ती निर्धास्त धावते. या प्रकाराची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा २०२२ मध्ये इटलीत झाली आणि पुरुषांच्या गटात ती एका बेल्जियन स्वाराने जिंकली. २०२४ ची स्पर्धा तर बेल्जियममधील लूव्हेन या नगरातच पार पडली. परंतु स्पर्धा हा या गोष्टीचा दर्शनी भाग झाला. डांबरी रस्त्यावर मालमोटारीच्या बाजूने जीव मुठीत धरून सायकल चालवण्याचा सामान्य माणसाला वीट आला, हे तिच्या प्रसाराचे खरे कारण होय.

ही भूमी मुळात कशी होती? लिम्बुर्गच्या पूर्व भागातील केम्पन पठार हे मास नदीने हिमयुगांत वाहून आणलेल्या वाळूगोट्यांचे बनलेले आहे. पीक देण्याची ऐपत अशा जमिनीला नव्हतीच. शेतकरी तिच्यावर मेंढ्या चारीत, वरचा गवताळ थर कापून तो गोठ्यात आणि मग शेतात नेत. अशा शतकानुशतकांच्या वापरातून हेदर या जांभळ्या फुलांच्या झुडपाचे विस्तीर्ण माळ तयार झाले. पर्यटक ज्याला आज ‘अस्पर्श निसर्ग’ म्हणून वाखाणतात तो असा मेंढपाळांच्या दारिद्र्यातून घडलेला आहे! पुढे १८४७ साली बेल्जियमने पडीक जमिनी लागवडीखाली आणण्याचा कायदा केला आणि या माळांवर पाइनची लागवड होऊ लागली. १९०१ मध्ये आन्द्रे द्युमाँ या भूशास्त्रज्ञाच्या प्रयत्नांना यश येऊन आस या खेड्यात कोळसा लागला. १९१७ पासून कोळसा वर येऊ लागला आणि यथावकाश सात खाणी उभ्या राहिल्या. पाइनच्या लाकडाला तर आता मोठेच गिऱ्हाईक मिळाले. कारण भुयारांच्या छतांना टेकू देण्यासाठी तेच उपयोगी पडे. मोडण्यापूर्वी ते कडकडते आणि खालच्या माणसाला पळण्यास अवधी देते, अशी खाणकामगारांत त्याची ख्याती होती. आज सायकलस्वार ज्या सरळसोट वृक्षरांगांच्या सावलीतून जातो, त्यांतील कित्येकांची लागवड अशी जमिनीखालील माणसांसाठी झालेली आहे.

तळ्यांचीही तीच कथा. हासेल्ट आणि गेंक या नगरांच्या आसपास हजारावर तळी आहेत. त्यांतील पुष्कळशी जुन्या काळी मत्स्यपालनासाठी राखलेली. पूर्वेकडची काही तळी त्याहून अलीकडची, वाळू आणि खडी उपसल्यामुळे झालेली.

खाणींचा अंत मात्र सुखाचा नव्हता. १९६६ मध्ये झ्वार्टबर्गची खाण बंद करण्याचा निर्णय होताच दंगल उसळली व दोन माणसे प्राणास मुकली. त्यानंतरची पंचवीस वर्षे एकेक खाण मिटत गेली, आणि १९९२ च्या सप्टेंबरअखेर झोल्डर येथील शेवटची खाण बंद झाली. इटली, तुर्कस्तान, मोरोक्को अशा दूरदूरच्या देशांतून आलेली कुटुंबे खाणींभोवतीच्या वसाहतींत राहत होती. त्यांच्यापुढे उद्याचा प्रश्न उभा राहिला.

याच सुमारास ह्यूगो बोलन या खाण-अभियंत्याने एक साधी कल्पना मांडली. प्रांतात कालव्यांचे काठ होते, कोळसा वाहणाऱ्या रेल्वेचे मोडीत निघालेले मार्ग होते, जंगलखात्याच्या वाटा होत्या. त्या एकमेकींस जोडाव्यात आणि जिथे दोन वाटा मिळतात अशा प्रत्येक तिठ्या-चौकाला केवळ एक क्रमांक द्यावा. प्रवाशाने निघताना कागदावर आकड्यांची ओळ लिहून घ्यायची, आणि प्रत्येक चौकातील फलकावर पुढच्या आकड्याचा बाण पाहून वळायचे. भुयारांचे जाळे डोक्यात वागवणाऱ्या माणसालाच हे सुचावे यात नवल नाही. १९९५ मध्ये लिम्बुर्गमध्ये ही पद्धत अमलात आली. पुढे ती सबंध फ्लँडर्सने व शेजारच्या नेदरलँड्सनेही उचलली. या योजनेचा मोठेपणा तिच्या स्वस्तपणात आहे. भाषा न येणारा परकीय, नकाशा न कळणारा वृद्ध, शाळकरी पोर, सर्वांना ती सारखीच सोपी.

त्यानंतर प्रांताने डोळे दिपवणारी कामेही केली. २०१६ मध्ये बोक्रेक येथे तळ्याच्या मधोमध २१२ मीटर लांबीची वाट अशी खोल नेली की, दोन्ही बाजूंचे पाणी स्वाराच्या डोळ्यांच्या पातळीला यावे. अमेरिकेच्या ‘टाइम’ साप्ताहिकाने २०१८ मध्ये जगातील प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत तिचा समावेश केला. २०१९ मध्ये हेक्टेल-एक्सल येथे पाइनच्या रानात, पोलादी खांबांवरून दहा मीटर उंचीपर्यंत चढत जाणारी ७०० मीटरची वर्तुळाकार वाट झाली. २०२१ मध्ये मासमेखेलनच्या माळावर पूल झाला. ही कामे देखणी आहेत, यात वाद नाही. पण प्रस्तुत लेखकाला विचाराल तर, त्या सर्वांवरून चौकातील आकड्याचा फलक ओवाळून टाकावा असे वाटत नाही. पुलाचे छायाचित्र काढून लोक परत जातात. आकडे त्यांना पुढच्या रानात घेऊन जातात.

मात्र या यशाचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. सायकलवाटांनी खाणीच्या रोजगाराची भरपाई केली, असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. खाणी मावळत असताना गेंकला आधार दिला तो १९६४ साली सुरू झालेल्या फोर्डच्या मोटार-कारखान्याने. आणि तोही २०१४ च्या डिसेंबरात बंद पडून चार हजारांवर कामगार एका झटक्यात बेकार झाले. खानावळवाला, सायकल दुरुस्त करणारा, पाहुण्यांसाठी घर उघडणारा यांना पर्यटनाने हात दिला हे निश्चित. परंतु भुयारात उतरणाऱ्याला मिळणाऱ्या पगाराची आणि संघटित बळाची जागा उन्हाळ्यापुरत्या नोकरीने घेता येत नाही. वाटांचे समर्थन करायचे ते या तोकड्या हिशेबावर करू नये. उपसून टाकलेली जमीन कुंपण घालून विकण्याऐवजी चालत्या-फिरत्या सर्वांना खुली केली, हेच त्यांचे पुरेसे समर्थन आहे.

दुसरी अडचण खुद्द सायकलस्वारांकडून उद्भवते. २००६ मध्ये या भागात ‘होगे केम्पन’ हे राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. तेथील माळावर रातवा हा पक्षी घरटे न बांधता थेट जमिनीवर अंडी घालतो, आणि त्याचा विणीचा हंगाम नेमका स्वारांच्या हौसेच्या हंगामातच येतो. रुंद टायरची सायकल कोठेही जाऊ शकते, या तिच्या गुणातच तिचा धोका आहे. म्हणून आखून दिलेल्या वाटेबाहेर चाक न नेण्याचे बंधन येथे अपरिहार्य ठरते. मोटारीला मज्जाव करताना जे नियम आपल्याला न्याय्य वाटतात, ते सायकलीला लागू होताच जाचक वाटावेत, हे काही बरोबर नव्हे.

शिवाय माळ राखायचा तर तो नुसता सोडून देऊन भागत नाही. चराई थांबली की दहा-वीस वर्षांत पाइन आणि बर्चची रोपे त्यावर पसरतात व हेदर नाहीसे होते. त्यामुळे आज त्याच माळांवर पगारी मेंढपाळ कळप घेऊन हिंडतात आणि यंत्रे वरचा थर खरवडतात. गरीब शेतकरी जे काम पोटासाठी करीत, ते आता सरकारी खर्चाने करावे लागते, आणि हा खर्च दरसालचा आहे.