पहांटे उठणारें मूल व घरांतील वडील मंडळी

मनुष्यानें पहांटे उठावें, हा उपदेश आपल्या घरांत इतक्या पिढ्या चालत आलेला आहे कीं, दीड-दोन वर्षांचें मूल साडेचार वाजतां अंथरुणांत उठून बसूं लागलें म्हणजे वडील मंडळींस प्रथम कौतुकच वाटतें. "ब्राह्ममुहूर्तावर उठतो हो, विद्वान होणार!" असें आजोबा म्हणतात; आजी दृष्ट काढते. परंतु या कौतुकाची किंमत घरांत कोणी तरी मुकाट्यानें देत असतें, आणि तें बहुधा त्या मुलाची आई. रात्रीं अकरा वाजतां स्वयंपाकघर आवरून, सकाळच्या डब्यांची तयारी करून जी आडवी झाली, तिला रोज साडेचारला उठावें लागलें आणि मग दिवसभर नोकरी व घरकाम सांभाळावें लागलें, तर महिन्या दोन महिन्यांत तिची प्रकृति खालावते, चिडचिड वाढते, आणि घराचें स्वास्थ्य बिघडतें. म्हणून हा प्रश्न एकट्या आईचा नसून सबंध घराचा आहे, असें मानूनच त्याचा विचार केला पाहिजे.

प्रथम शास्त्राचा आधार पाहूं. मुहूर्त म्हणजे दोन घटका, अर्थात् ४८ मिनिटें. रात्रीच्या शेवटच्या मुहूर्ताच्या आधींचा मुहूर्त तो ब्राह्म. म्हणजे सूर्योदयापूर्वीं सुमारें ९६ मिनिटें तो लागतो. या वेळीं उठावें असें वाग्भटानें अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानांत, दिनचर्येच्या दुसऱ्या अध्यायांत सांगितलें आहे खरें. पण तेथें 'स्वस्थ' मनुष्याचा अधिकार सांगून पुढें दंतधावन, अंजन, अभ्यंग, व्यायाम हा क्रम दिला आहे. हा क्रम पाळण्यांतल्या बालकासाठीं नाहीं, हें सांगावयास टीकाकार नको. उलट चरकसंहितेंत आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानले आहेत. आणि ज्या ग्रंथानें ग्रीष्माखेरीज इतर ऋतूंत निरोगी प्रौढास दिवसा निजण्याची मनाई केली, त्यानेंच बालकांस मात्र सर्व ऋतूंत दिवसा झोंप मोकळी ठेविली आहे. बालकाची झोंप ही काटकसर करण्याची वस्तु नव्हे, हाच यांतील आशय.

आधुनिक वैद्यकही हेंच सांगतें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं दिलेल्या मार्गदर्शनाप्रमाणें एक ते दोन वर्षांच्या मुलास दिवसाची झोंप धरून चोवीस तासांत ११ ते १४ तास, आणि तीन ते चार वर्षांच्या मुलास १० ते १३ तास झोंप असावी. म्हणून उपाय योजण्यापूर्वीं आठवडाभर कागदावर टिपण ठेवावें. मूल रात्रीं सातला निजून पांचला उठत असेल, दुपारीं दोन तास झोंपत असेल, आणि दिवसभर हंसतें खेळतें असेल, तर त्याची झोंप पुरी झाली आहे. फक्त तिची वेळ आपल्या सोयीची नाहीं. अशा मुलाची निजण्याची वेळ तीन-चार दिवसांनीं दहा-पंधरा मिनिटें, याप्रमाणें सावकाश पुढें न्यावी. परंतु बेरीज नऊ-दहा तासांचीच भरत असेल आणि मूल आठ वाजतांच डोळे चोळीत किरकिरत असेल, तर त्याची झोंप मध्येंच तुटते आहे असें समजावें.

ती पहांटेसच कां तुटते? रात्रीच्या आरंभीं झोंपेची ओढ तीव्र असते. पहांटेपर्यंत ती बरीचशी भागलेली असते, आणि झोंप हलकी झालेली असते. तशांत मेंदूमधील कालमापक केंद्र डोळ्यांवर पडणाऱ्या प्रकाशावरून आपलें घड्याळ लावीत असतें. शरीरांतील या घड्याळाची यंत्रणा उलगडल्याबद्दल हॉल, रोसबॅश व यंग या तिघां शास्त्रज्ञांस २०१७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. पुण्यास जूनच्या आरंभीं सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, तर जानेवारींत सात वाजून गेल्यावर. म्हणून उन्हाळ्यांत ही तक्रार वाढावी यांत नवल नाहीं. विजेच्या दिव्याचा उजेडही त्या घड्याळास उजेडच वाटतो.

आतां उपाय. पहिला अंधाराचा. मुलाच्या खोलीस जाड, गडद पडदा लावावा आणि सकाळीं सहापर्यंत तेथें दिवा लावूं नये. मूल रडूं लागल्यास अंधारांतच थोपटावें. हातांत मोबाईल तर कदापि देऊं नये. आजोबांनीं स्नानसंध्या अवश्य करावी. पण देवघरांतील घंटा सहानंतर वाजली तर देव रागावणार नाहीं. कुकरची शिट्टी व मिक्सर यांसही तोच नियम.

दुसरा उपाय दिवसाच्या झोंपेचा. पांचला उठलेलें मूल आठला पेंगतें आणि आजी त्यास मांडीवर घेऊन निजविते. वरवर पाहतां ही माया आहे. वस्तुतः रात्रीच्या झोंपेचा राहिलेला तुकडाच मूल तेथें पुरा करतें आणि उद्यां पुन्हां पांचला उठावयास मोकळें होतें. दीड वर्षाच्या सुमारास बहुतेक मुलांस दिवसांतून एकच झोंप पुरते. ती दुपारच्या जेवणानंतर असावी.

तिसरा उपाय दुधाचा. पांचच्या ठोक्याला दूध मिळूं लागलें म्हणजे पोटही त्याच वेळीं जागें होण्यास शिकतें. तें हळूहळू सहाच्या पुढें ढकलावें.

चौथा रात्रीचा. उशीरा निजविलें म्हणजे उशीरा उठेल, हा हिशेब लहान मुलास क्वचितच लागू पडतो. अति थकलेलें मूल निजतें उशीरा, पण उठतें पूर्वींच्याच वेळीं. नऊ वाजतां कामावरून परतणाऱ्या बापास मूल जागें हवें असतें, ही इच्छा रास्त आहे. परंतु ती भागविण्याची वेळ सकाळची असावी. सकाळीं सहानंतरचा तास बापाचा, असें ठरविल्यास दोघांचेंही हित होईल.

मूल घोरत असेल, तोंड उघडें ठेवून श्वास घेत असेल, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा. पूर्वीं मूल निजावें म्हणून अफू चारण्याची घातक चाल होती. आज तिच्या जागीं सर्दीचें औषध पाजण्याचा मोह कोणास होऊं नये.

हे सर्व उपाय घरांतील प्रत्येकानें पाळले तरच फळतात. आईनें दिवा मालवावा आणि काकांनीं तो लावावा, आजीनें चुचकारावें आणि आजोबांनीं पहांटेसच गोष्टींची मैफल मांडावी, तर मुलास दुसऱ्या दिवशींही उठण्याचें उत्तम कारण मिळतें. दोन-तीन आठवडे सर्वांनीं एकच नियम धरावा. आणि तोंवर? उतार वयांत ज्यांची झोंप पहांटे आपोआप उघडते, त्यांनीं पाळीपाळीनें त्या बालकास घेऊन मंद उजेडांत, खेळ न मांडतां, स्वस्थ बसावें. सुनेला मिळालेली ती दीड तासाची झोंप तिच्यावर केलेला उपकार नव्हे. एकत्र कुटुंबांत राहण्याचा तो तिचा न्याय्य वांटा आहे.