उतारूंचे तीर्थ : पंढरपूरचे स्थानक

‘तीर्थ’ हा शब्द ‘तॄ’ या संस्कृत धातूपासून सिद्ध झाला आहे. जेथून नदी तरून जाता येते, तो उतार म्हणजे तीर्थ. आपला ‘उतारू’ हा शब्दही त्याच धातूच्या कुळातला. आषाढी एकादशीच्या पर्वावर पंढरपूरच्या रेल्वे स्थानकाचे स्मरण करावयाचे, ते या नात्याने.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग 1859 साली कुर्डुवाडीस आला. त्या स्थानकाचे तेव्हाचे नाव ‘बार्शी रोड’. पुण्या-मुंबईकडील यात्रेकरू तेथे उतरत आणि पुढील सुमारे 50 किलोमीटरांची वाट बैलगाडीने अथवा पायी कंठीत. पुढे एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने बार्शी लाइट रेल्वे उभारली. तिच्या दोन रुळांतील अंतर अवघे अडीच फूट! ही चिमुकली गाडी 1897 साली बार्शीस आणि 1906 साली पंढरीस पोहोचली. 1911 मध्ये लातूर, तर 1927 मध्ये मिरज तिला जोडले गेले. 1954 साली ती सरकारी मालकीची झाली.

माझी आजी बार्शीची. गुडघ्यांनी तिला जन्माचे जायबंदी केले होते. वारीच्या दिवसांत तिला उतरवून घेण्यासाठी आम्ही मुले वडिलांबरोबर स्थानकावर जात असू. एके वर्षी फलाटावर पाऊल ठेवताच तिचे डोळे भरून आले. ती म्हणाली, “बाबा रे, बाया-माणसं उन्हापावसात चालत येतात आणि मी बसून आले. ही कसली वारी?”

वडील कीर्तनकार होते. ते म्हणाले, “आई, नदी पोहून गेलेला आणि नावेतून गेलेला, दोघेही पैलतीरालाच लागतात. चालणाऱ्यांचे मोठेपण निराळे. म्हणून बसणाऱ्याला दार बंद नाही.” आजीने वाकून फलाटाची धूळ कपाळी लावली.

पायी वारीची थोरवी अबाधितच आहे. तिची बरोबरी यंत्राने होत नाही. पण ज्यांचे पाय थकले, त्यांचा ओढा या मार्गाने पंढरीस आणला. अरुंद रूळ आता उखडले गेले, त्यांच्या जागी रुंद मार्ग आला. तरीही, वाचकहो, एकादशीस त्या फलाटावर एखादी वृद्धा अडखळताना दिसली, तर तिला हात द्यावा. तेथेही तीर्थच आहे.