मांजर लाळ गाळते व अन्न नाकारते तेव्हा

मांजराच्या तोंडातून लाळ गळू लागली आणि त्याने दुधाकडेही पाठ फिरविली, की घशात काटा अडकला असावा असे समजून घरातील माणसे त्याचा जबडा उघडू पाहतात. नेमके हेच टाळावयास हवे. हिरड्यांची सूज, जिभेवरील व्रण, दातांचे दुखणे किंवा कीटकनाशकाची बाधा ही कारणे संभवतात, हे खरे. परंतु अलर्क रोगातही (रेबीज) गिळण्याचे स्नायू लुळे पडून अशीच लाळ गळते. एरवी माणसाळलेले मांजर एकाएकी अंगावर धावू लागले अथवा अंधारात दडून बसले, तर संशय धरावाच. त्यास हात न लावता खोलीत बंद करून पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.

चावा वा ओरखडा बसल्यास जखम साबणाने व वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवावी. हळद, चुना लावू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस टोचून घ्यावी, कारण लक्षणे दिसू लागल्यावर रोगी सहसा वाचत नाही.

अलर्काचा संशय नसला तरी ‘भूक लागली की खाईल’ म्हणून थांबू नये. काही दिवसांच्या उपासानेच मांजराच्या यकृतात चरबी साचू लागते. माणसांची पॅरासिटामॉलची गोळी तर त्याला विषच होय.