प्रथिन-विघटन, मेंढीच्या रोमंथिकेतील
मेंढीने खाल्लेल्या चाऱ्यातील बरेचसे प्रथिन तिच्या स्वतःच्या पाचक रसांपर्यंत पोहोचतच नाही. रोमंथिका या जठराच्या सर्वांत मोठ्या कप्प्यातील सूक्ष्मजंतू व आदिजीव त्याचे पेप्टाइडे, ॲमिनो अम्ले व शेवटी अमोनिया यांत विघटन करतात. चाऱ्यातून पुरेशी ऊर्जा मिळाल्यास याच अमोनियापासून सूक्ष्मजंतू स्वतःची प्रथिने बनवितात व पुढे चतुर्थ जठरात आणि लहान आतड्यात ते स्वतःच पचविले जातात. निकस गवतावर मेंढीचा निभाव लागतो तो यामुळेच. जादा अमोनियाचे यकृतात यूरियात रूपांतर होते. त्यातील काही यूरिया लाळेवाटे रोमंथिकेत परततो, उरलेला मूत्रावाटे जातो. शेंगदाण्याच्या पेंडीसारख्या महाग खाद्याच्या बाबतीत हा व्यवहार अनेकदा तोट्याचा ठरतो.

लोकरीच्या वाढीसाठी गंधकयुक्त ॲमिनो अम्लांची विशेष गरज असते. ऑस्ट्रेलियात १९६०–७० या दशकात केसीन थेट चतुर्थ जठरात सोडले असता लोकरीची वाढ पुष्कळ वाढल्याचे दिसून आले. १९६७ मध्ये तेथेच फॉर्माल्डिहाइडाची प्रक्रिया केलेले केसीन खाद्यातून देऊन तसाच परिणाम साधण्यात आला. या प्रक्रियेने होणारे बंध रोमंथिकेत टिकतात. मात्र चतुर्थ जठरातील अम्लामुळे ते तुटतात आणि प्रथिन पचनास मोकळे होते.